गडवाटेची वडी

सह्याद्रीतील गडकिल्ल्यांची वाट बहुधा एखाद्या लहानशा गावातून वर जाते. कळसूबाईच्या शिखराकडे निघालेला मनुष्य बारी गावात उतरतो, हरिश्चंद्रगडास जाणारा पाचनईस, तर राजगडास जाणारा गुंजवणे किंवा पाली येथे. २०२५ च्या जुलै महिन्यात राजगड, रायगड, साल्हेर, शिवनेरी, लोहगड, प्रतापगड, पन्हाळा इत्यादी महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. येणाऱ्या पाहुण्यांसाठी पायथ्याच्या अनेक गावांतून पिठले-भाकरी, कांदाभजी, ताक, लिंबाचे सरबत यांची सोय घरोघरी केली जाते, आणि त्यातून चार पैसे गावात राहतात. परंतु हाच पाहुणा गड चढू लागला म्हणजे त्याच्या पाठपिशवीतून जे खाद्य बाहेर निघते ते मात्र शहरातील दुकानातून आलेले असते. चकचकीत वेष्टनातील ती बोटभर रुंदीची वडी हातात घेऊन वेष्टनावरील घटक वाचून पाहावेत. शेंगदाणे, बदाम, मनुका, खजूर, ओट, साखरेचा पाक, अशी काहीशी यादी आढळते. बदाम, खजूर व ओट वगळले तर उरलेला माल आपल्याच शेतातला आहे, आणि वगळलेल्या तिन्हींस आपल्याकडे चांगले पर्याय आहेत.

अशी वडी गावात करता येते. कृती मुळीच कठीण नाही. ज्या घरात संक्रांतीला तिळाची वडी होते त्या घरास ती शिकवावयाची गरजही नाही. कठीण आहेत त्या दोन गोष्टी, आणि त्या चुलीजवळ नसून चुलीच्या पुष्कळ आधी आहेत. दाणा निर्दोष निवडणे ही पहिली, आणि फळातील पाणी पुरेसे घालविणे ही दुसरी. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी महिला बचत गटांपुढे हा विषय मांडताना पाककृतीपेक्षा या दोन गोष्टींवर अधिक वेळ खर्च करावा, अशी आमची सूचना आहे.

चढणाऱ्यास काय लागते

मध्यम बांध्याचा मनुष्य पाठीवर ओझे घेऊन चढणीची वाट चालू लागला म्हणजे ताशी सुमारे ४०० ते ५०० उष्मांक खर्च करतो. यांपैकी बराचसा खर्च शरीरातील साठ्यातून भागतो. परंतु स्नायूंत व यकृतात साठविलेली साखर मर्यादित असते. ती उतरू लागली म्हणजे पाय जड होतात, चित्त थाऱ्यावर राहत नाही, आणि कड्याच्या वाटेवर अशी अवस्था धोक्याची ठरते. यास्तव एकदाच पोटभर जेवण्यापेक्षा दर तास-दीड तासाने थोडे थोडे खाणे हितावह होय.

भाकरी-भाजी उत्तमच, पण तिच्यात पाणी पुष्कळ, त्यामुळे वजन अधिक, आणि उन्हाच्या दिवसांत दुपारपर्यंत भाजी टिकेलच असे नाही. शेंगदाणा व तीळ यांच्या १०० ग्रॅममध्ये मात्र सुमारे ५७० उष्मांक असतात, गुळात ३८० च्या आसपास, बेदाण्यात ३००. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमपासून ९ उष्मांक मिळतात, साखर व पिष्ट यांपासून ४, हे या फरकाचे कारण. गूळ व फळ लवकर अंगी लागतात, दाण्यातील स्निग्धांश सावकाश. नुसते दाणे खाऊन चढू लागल्यास पोट जड होते, नुसता गूळ खाल्ल्यास काही वेळाने पुन्हा भूक लागते. दोहोंची सांगड घालण्याची युक्ती आपल्या वाडवडिलांस ठाऊक होतीच. रानात जाणारा गडी फडक्यात दाणे-गूळ बांधून नेई तो याच हिशेबाने.

दाण्याची पारख

या वडीचा मुख्य घटक शेंगदाणा. आणि येथेच एक मोह असतो. चांगला टपोरा दाणा बाजारात न्यावा, आणि चिंबलेला, फुटका, डागाळलेला दाणा घरच्या चिक्कीत वापरावा, असा रिवाज पुष्कळ घरांत आढळतो. भाजल्यावर रंग कळत नाही, कूट केल्यावर आकार कळत नाही, आणि गुळात मिसळल्यावर चवही कळत नाही. नेमके म्हणूनच हा रिवाज घातक आहे.

भुईमुगाच्या शेंगेवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या नावाची बुरशी वाढते व ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. या विषाचा शोध लागला तोही भुईमुगामुळेच. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मरण पावले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलमधून आणलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि ती बुरशीने दूषित झाली होती. आपल्या देशातही १९७४ साली राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने कावीळ पसरून शंभरावर माणसे दगावली. एवढी मोठी मात्रा क्वचितच पोटात जाते हे खरे. परंतु थोडथोडे विष वर्षानुवर्षे गेल्यासही यकृताचा कर्करोग संभवतो. दाणे भाजल्याने किंवा उकळत्या पाकात घातल्याने हे विष पूर्णपणे नाहीसे होत नाही, हे प्रत्येक गटास स्पष्ट शब्दांत सांगावे.

उपाय शेतापासून सुरू होतो. पीक काढणीस येण्यापूर्वीच्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण पडला, किंवा खुरपणी-कोळपणीत शेंगेस इजा झाली, तर बुरशी जमिनीतच शिरते. काढणीनंतर वेल उलटे, म्हणजे शेंगा वर राहतील असे मांडून वाळवावेत. शेंगा ओल्या जमिनीला टेकू देऊ नयेत. शेंग कानाशी धरून हलविली असता दाणा खुळखुळला आणि चोळल्यावर तांबडे साल सहज सुटले, म्हणजे वाळवण पुरे झाले असे समजावे. फोडणीच्या वेळी दाणा तुटू नये म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती सर्वस्वी सोडून द्यावी. वाळविण्याचे सर्व श्रम त्या एका शिंपणाने वाया जातात.

उन्हाळी भुईमुगाच्या बाबतीत विशेष सावध राहावे. त्याची काढणी बहुधा मे-जूनमध्ये होते आणि वळवाचा पाऊस खळ्यावर गाठतो. गडांवरील गर्दी पावसाळ्यातच अधिक, म्हणून हाच नवा दाणा हाताशी असतो. भिजलेल्या शेंगांचा दाणा वडीसाठी घेऊ नये, मग तो वरून कितीही चांगला दिसो.

निवड दोनदा करावी. पहिली कच्च्या दाण्याची: सुरकुतलेला, हलका, किडका, हिरवट-पिवळी बुरशी दिसणारा दाणा काढून टाकावा. दुसरी निवड भाजून साल काढल्यानंतर, पांढऱ्या कापडावर दाणे पसरून करावी. साल गेले म्हणजे आतला काळपट किंवा तपकिरी डाग उघडा पडतो. एखादा दाणा तोंडात टाकताच कडू लागला तर ती खेप पुन्हा निवडावी. निवडून काढलेला माल कोंबड्यांस किंवा दुभत्या जनावरांस घालण्याची सवय आहे. तीही बरी नव्हे. गाय-म्हशीच्या पोटात गेलेल्या या विषाचा काही अंश दुधात उतरतो आणि ते दूध घरातल्या मुलांच्याच पेल्यात येते. असा दाणा खोल पुरावा. शेरभर दाणे पुरताना जीव हळहळतो, हे आम्ही जाणतो; म्हणूनच ही तूट वडीच्या किमतीत आरंभीच धरावी.

फळे

आपल्याकडे वाळविलेल्या फळांची वाण नाही. तासगाव भागातील बेदाणा, वसईकडील राजेळी केळ्यांची सुकेळी, कोकणातील आंबापोळी व फणसपोळी, पुरंदरचे अंजीर, डोंगरी भागातील आवळ्याचा कीस, यांपैकी जे जवळ असेल ते घ्यावे. खजुराच्या जागी अंजीर व सुकेळी, बदामाच्या जागी काजूची पाकळी, आणि ओटाच्या जागी राजगिऱ्याच्या लाह्या किंवा भाजलेले पोहे उत्तम चालतात. अकोले, इगतपुरीकडे खुरासणी पिकते. ती भाजून मूठभर घातल्यास वडीस खमंगपणा येतो, मात्र अधिक घातल्यास रंग काळा होऊन गिऱ्हाईक नाक मुरडते.

बेदाणा विकत घ्यावा हेच सोयीचे. हिरवट-सोनेरी रंगासाठी पुष्कळदा गंधकाची धुरी दिलेली असते. दम्याच्या काही रोग्यांस ती बाधते. नैसर्गिक तपकिरी बेदाणा दिसावयास साधा, पण आपल्या कामास तोच बरा. तो धुवावयाचा तर झटपट धुऊन कापडावर कोरडा करावा, भिजत घालू नये.

अंजिराबद्दल थोडे विस्ताराने लिहावयास हवे, कारण पुरंदर तालुक्यातील बागायतदारांस त्यात विशेष स्वारस्य आहे. पिकलेले अंजीर दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. वाहतुकीत दबलेले, उकललेले फळ बाजारात मातीमोल होते. पण सडण्यास प्रारंभ झाला नसेल तर वाळविण्यास ते चालते. फळ धुऊन, उभे दोन भाग करून, कापलेली बाजू वर ठेवून जाळीच्या तबकात मांडावे व सौर वाळवणी यंत्रात ठेवावे. हे यंत्र म्हणजे काचेचे किंवा पारदर्शक कागदाचे छप्पर असलेली, खालून हवा आत घेणारी व वरून बाहेर सोडणारी पेटीच होय. उघड्या अंगणातही फळ वाळते, परंतु धूळ, माश्या व संध्याकाळचे दव यांपासून त्याचे रक्षण होत नाही. ताज्या अंजिरात सुमारे ८० टक्के पाणी असते. ते २० टक्क्यांवर आले म्हणजे चार किलो ताज्या फळाचे एक किलो सुके फळ हाती येते. हा हिशेब ध्यानात ठेवल्यास वाळवण पुरे झाले की नाही हे तराजूच सांगतो. चार किलोचे दीड किलो भरले तर पाणी अजून बाकी आहे.

दुसरी परीक्षा बरणीची. वाळलेली फळे काचेच्या कोरड्या बरणीत सैलसर भरून झाकण घट्ट लावावे व आठवडाभर रोज हलवून पाहावे. काचेच्या आतल्या बाजूस बाष्पाचे थेंब दिसले तर फळे पुन्हा वाळवावीत. या आठ दिवसांत सर्व फळांतील ओलावा सारखा होतो, हा दुसरा लाभ. ओले राहिलेले एकच फळ वडीत गेले तरी आपले पाणी शेजारच्या लाहीस देते; लाही मऊ पडते, आणि काही दिवसांनी त्याच जागी बुरशीचा ठिपका उठतो.

प्रमाण व कृती

सुमारे एक किलो वडीसाठी पुढील प्रमाण घ्यावे. भाजून सोललेला शेंगदाणा ३०० ग्रॅम, भाजलेले तीळ १०० ग्रॅम, बेदाणे २०० ग्रॅम, सुके अंजीर किंवा सुकेळी १०० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ५० ग्रॅम, गूळ २५० ग्रॅम, तूप १५ ग्रॅम. याखेरीज अर्धा चहाचा चमचा मीठ व तितकीच सुंठ. घाम आलेल्या माणसास मिठाची चव गोड लागते, म्हणून ते वगळू नये. या प्रमाणात एकूण सुमारे ४,४०० उष्मांक होतात. तयार मालाच्या ४० ग्रॅमची एक याप्रमाणे २५ वड्या कापल्यास प्रत्येकीत सुमारे १७५ उष्मांक व चार ग्रॅमहून थोडे अधिक प्रथिन येते. अर्ध्या दिवसाच्या चढाईस तीन वड्या पुरेत. वडी खाल्ल्यावर पाणी प्यावयास हवे. पाण्याची बाटली रिती असताना ती घशाखाली उतरत नाही.

दाण्याचे कूट करू नये, पाकळ्या कराव्यात. कूट केल्याने तेल हवेस उघडे पडते व वडी लवकर खवट होते. अंजिराचे बेदाण्याएवढे तुकडे करावेत. सर्व सुके जिन्नस एका परातीत मिसळून, फळे मात्र वेगळी, हाताशी तयार ठेवावीत. पाक झाल्यावर शोधाशोध करावयास वेळ मिळत नाही.

जाड बुडाच्या कढईत तूप, चिरलेला गूळ व दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर ठेवावे. गूळ विरघळल्यावर फेस येतो, मग तो दाट होतो. वाटीत गार पाणी घेऊन पाकाचा थेंब टाकत राहावे. थेंब पसरला तर पाक कच्चा. बोटांनी गोळा करता येऊन टणक गोळी झाली, की आच बंद करावी. नेहमीच्या चिक्कीसाठी यापुढेही पाक आटवून थेंब कडकन मोडेल इतका करतात. फळांच्या वडीस तो नको. कडक पाकात फळाचा तुकडा दगडासारखा होतो, आणि थंडीच्या दिवसांत पहाटे गडावर अशी वडी दाताने तुटत नाही. उलट गोळीबंद होण्यापूर्वीच उतरविलेला पाक दुसऱ्या दिवशी पाझरू लागतो.

आच बंद केल्यावर प्रथम दाणे, तीळ व लाह्या घालाव्यात, चांगले ढवळून मग फळे. उकळत्या पाकात बेदाणा टाकल्यास तो फुगून फुटतो व त्याचा रस पाकात उतरतो. मिश्रण तूप लावलेल्या ताटात ओतून, वर लोणी-कागद ठेवून, लाटण्याने जोर देऊन दाबावे. दाबण्यात कसूर करू नये. सैल राहिलेली वडी पिशवीत चुरा होऊन जाते. कोमट असतानाच सुरीने खोल रेघा माराव्यात व पूर्ण गार झाल्यावर वड्या सुट्या कराव्यात. गरम वडी डब्यात भरली तर आतल्या वाफेने ती ओली होते.

पावसाळा आणि वेष्टन

वर्षातील ज्या महिन्यांत गिऱ्हाईक अधिक त्याच महिन्यांत हवाही अधिक ओली, ही या धंद्यातील खरी अडचण. गूळ हवेतील पाणी ओढून घेतो. यास्तव पावसाळ्यात संततधारेच्या दिवशी वडी करू नये, उघडीप पाहून करावी. आणि एका वेळी आठवड्याच्या विक्रीपुरतीच करावी. प्रत्येक वडी लोणी-कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. डबा वारंवार उघडावा लागू नये म्हणून विक्रीचा डबा लहान व साठवणीचा मोठा, असे दोन ठेवणे बरे.

प्लॅस्टिकची पिशवी ओलावा अधिक चांगला अडविते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि गडाच्या टाक्यांत, बुरुजांच्या खाचांत आणि माकडांच्या हातांत जी चकचकीत वेष्टने दिसतात त्यांत गावाने आपली भर घालावी असे आम्हांस वाटत नाही. शनिवारी केलेली वडी रविवारी खाल्ली जाणार असेल तर कागद पुरतो. दूरच्या गावी पाठवावयाच्या मालासाठी मात्र हवाबंद पाकीट वापरणे भाग आहे.

विक्री

वडीची किंमत ठरविताना दाणे-गुळाचा भाव तेवढा धरला जातो आणि बायकांची मजुरी सोडून दिली जाते, असा अनुभव आहे. दाणे निवडण्यास वडी करण्याहून अधिक वेळ लागतो. तो वेळ, सरपण किंवा गॅस, कागद, आणि निवडून टाकलेला दाणा, ही सर्व कलमे वहीत मांडावीत. मजुरी न धरल्यास गटाचे काम दुसऱ्या महिन्यात थांबते, आणि घाईने केलेल्या निवडीची खेप बाजारात जाते.

विक्रीसाठी खाद्यपदार्थ तयार करणाऱ्यास, मग तो कितीही लहान असो, अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करावी लागते. अर्ज कसा करावयाचा याची माहिती तालुका कृषी कार्यालयातून किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून घ्यावी. चिठ्ठीवर घटक, वजन, केल्याची तारीख व करणाऱ्याचा पत्ता असावा. शेंगदाणा, तीळ व काजू असल्याचे ठळक अक्षरांत लिहावे. काही व्यक्तींस हे पदार्थ मुळीच सोसत नाहीत व त्यांचा जीव धोक्यात येऊ शकतो. तोंडी विचारणाऱ्यासही तसे सांगावे. अगदी लहान मुलांच्या हाती ही वडी देऊ नये, दाणा घशात अडकतो.

वडी किती दिवस टिकते हे गावोगाव निराळे ठरेल. भीमाशंकरच्या पावसात आणि पुरंदरच्या उन्हात एकच मुदत लागू पडणार नाही. म्हणून प्रत्येक खेपेतील चार-पाच वड्या तारीख घालून निराळ्या डब्यात ठेवाव्यात व दर आठवड्यास एक उघडून पाहावी. पृष्ठभाग चिकट झाला, लाही मऊ पडली किंवा दाण्यास खवट वास येऊ लागला, तो आठवडा वहीत नोंदवावा. त्याच्या आधीच्या आठवड्याची तारीख चिठ्ठीवर घालावी, आणि पावसाळ्यासाठी व हिवाळ्यासाठी ही नोंद वेगवेगळी ठेवावी.